वक्र्याच्या किनाऱ्यावर पडलेला टॉवेल

कतारला लोक वाळूच्या टेकड्या बघायला जातात, मी आप्पांना बघायला गेले. आप्पा म्हणजे माझे वडील, मेसईदच्या एका कारखान्यात वेल्डर. माझी शाळा, कॉलेज, लग्न, सगळं त्यांनी तिथूनच फोनवर ऐकलं. आता त्यांचा उजवा हात खांद्यातून वर जात नाही, असं कुणाकडून तरी आईच्या कानावर आलं. त्यात कंपनी आणखी एका वर्षाचा करार पुढे करत होती आणि रविवारी हो-नाही सांगायचं होतं. आई म्हणाली, "फोनवर ते खरं बोलत नाहीत. तू जाऊन घेऊन ये." मी तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी: आपल्याला व्हिसा विमानतळावर मिळतो, पण हॉटेलचं बुकिंग आधी दाखवावं लागतं. नियम बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्या. मी अल मुंतझामध्ये राहिले. जुनी वस्ती, खाली किराणा, समोर डोसा. दोहाच्या चकचकीत भागापेक्षा खोली बरीच स्वस्त, आणि रिक्षा सोडली तर सगळं आपल्याकडच्यासारखंच.

शुक्रवार आप्पांच्या सुट्टीचा. कामगारांच्या कॅम्पवर बायकांना जाता येत नाही, म्हणून त्यांच्या मित्रांनी आपली शुक्रवारची बैठक खास माझ्यासाठी दोहाजवळच्या वक्र्याच्या समुद्रावर हलवली. बैठक कसली, तर बॉक्सिंगची. एक ब्रिटिश बॉक्सर, कधीचा निवृत्त झालेला, आणि त्याचे प्रतिस्पर्धी, यांच्यावर ही माणसं वर्षानुवर्षं भांडतायत. खरी नावं कुणी घेत नाही. कारखान्यातल्या फॅब्रिकेशनवाल्यांनी ब्रिटिशाला 'घण' म्हणायला सुरुवात केली. त्याचा उंच, लांब हातांचा वैरी तो 'खांब' आणि हाताला न लागणारा दुसरा तो 'मासा'.

मेट्रोच्या लाल मार्गाने वक्र्याला निघाले. दोन रियाल तिकीट, डबे इतके स्वच्छ की चप्पल झटकून आत जावंसं वाटतं. शुक्रवारी गाड्या उशिरा सुरू होतात, तेवढं लक्षात ठेवा. सोबत मंगेश होता, मूळ नागपूरचा, दोहात फायनान्समध्ये. बैठकीतला सगळ्यात तरुण आणि माशाचा भक्त.

"ताई, आज तुम्ही कोणाच्या साइडला? न्यूट्रल अलाऊड नाही," तो म्हणाला.

"मला तर बॉक्सिंगमधलं काहीच कळत नाही."

"मग तर तुम्ही आप्पांच्याच साइडला. त्यांना लॉजिक लागत नाही."

स्टेशनबाहेर आप्पा उभे होते, सोबत सदाकाका. काका तासगावचे, कंपनीची बस चालवतात, आप्पांचे सगळ्यात जुने सोबती. आप्पांनी माझी बॅग डाव्या हाताने उचलली. उजवा हात खिशातच राहिला.

जुन्या बाजाराजवळ भाजलेला मासा खाल्ला. हामूर महाग पडतो, शेरी मागा, चवीला कुठे कमी नाही. मग पुढे पाण्याजवळ सतरंजी पसरली. सदाकाकांनी छोटी शेगडी, पातेलं आणि एक पांढरा टॉवेल काढला. टॉवेलचा नियम, बॉक्सिंगमधूनच घेतलेला, मला आप्पांनीच सांगितला. वाद घालणाऱ्या प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक माणूस बसतो. आपल्या गड्याचं काही चालत नाहीसं दिसलं की तो टॉवेल सतरंजीवर टाकतो. टॉवेल पडला की वाद बंद, आणि हरलेल्याने सगळ्यांना चहा करायचा. सदाकाका कायम आप्पांच्या कोपऱ्यात. आप्पांनी आजवर एकदाही चहा केलेला नव्हता.

"आज माझ्या कोपऱ्यात ही," आप्पा म्हणाले आणि टॉवेल माझ्या मांडीवर ठेवला.

आणि मग ते बोलायला लागले. माझे अबोल आप्पा. "त्याचा डावा बसला की समोरच्याला सोताचं गाव आठवत नव्हतं. पर पाडल्यावर नाचला कधी? गप कोपऱ्यात जाऊन हुबा ऱ्हायचा, समोरचा उठतोय का बघत." मंगेश म्हणाला, मासा नसता तर घण नुसता ताकदवाला ठरला असता, माशाने त्याला डोकं वापरायला लावलं. हे आप्पांनी चक्क मान्य केलं. सदाकाकांनी उभं राहून खांब कसा लांबूनच ठोसे द्यायचा ते करून दाखवलं. ऐकता ऐकता मलाही तो घण आवडायला लागला.

शेवटी गाडी त्या एका लढतीवर आलीच. ती ह्या सगळ्यांनी ड्युटीनंतर कॅम्पच्या मेसमध्ये उभ्याने बघितली होती. उतारवयातला घण, समोर खांब. घण पडला, उठला, परत पडला, परत उठला. एक डोळा बंद, उजवा हात वर येत नव्हता.

"त्याच्या कोपऱ्याने टॉवेल टाकायला पाहिजे होता," मंगेश म्हणाला. "तो स्वतः कसा थांबणार?"

"अजून एक राउंड हुता त्याच्यात," आप्पा म्हणाले.

"हात वर येत नव्हता, आप्पा."

"डावा हुता की."

सदाकाका समुद्राकडे बघत होते. मी आप्पांच्या खिशातल्या हाताकडे बघितलं. मला फार राग आला आणि फार माया आली, आणि मी टॉवेल सतरंजीवर टाकला.

मंगेशने मान खाली घातली. आप्पांनी टॉवेल डाव्या हाताने उचलला. मग म्हणाले, "रविवारचं म्हनतीस न्हवं?"

"हो."

"पडला म्हंजे पडला. खलास." ते उठले आणि शेगडी पेटवायला लागले. त्या चहात साखर बचकभर आणि पत्ती नावाला. आम्ही तो सगळा प्यायलो.

रविवारी त्यांनी कंपनीला नाही सांगितलं. कागदपत्रांत दोन-अडीच महिने गेले. मी आधी घरी, कऱ्हाडला परतले, नंतर ते आले. कतारमधलं काय लक्षात राहिलं, असं विचाराल तर समुद्र सुंदर आहे, मेट्रो झकास आहे, थंडीत जा. पण मनात राहिलीत ती ही माणसं. दुसऱ्याच्या हिमतीवर इतकं प्रेम करणारी.

आप्पा आल्यावर सदाकाकांचा मला फोन आला. "पोरी, मी एवढी वर्सं त्याच्या कोपऱ्यात बसलो. टॉवेल माझ्याच हातात हुता. मला टाकाय जमलं न्हाई बघ. तो गेला तर मी कुणासंगं भांडू?"

आता शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर बैठक भरते. वाद सुरू होण्याआधीच आप्पा उठून चहा करून आणतात. तो अजूनही तितकाच वाईट होतो. आई नावं ठेवत ठेवत पिते आणि अजून अर्धा कप मागते.