बिजलीला हाक मारायची कुणी?

सबिना मुजावरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रेल्वेचं इंजिन होऊन जमिनीवर रांगत होती. त्याआधी तासभर भिंतीपलीकडून वाघ, नाग, प्रेशर कुकर आणि बहुधा एक विमान असे आवाज येत होते. राजारामपुरीतल्या यच्चयावत कुत्र्यांनी त्या सकाळी स्थलांतर केलं, माझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानातली खळ जागच्या जागी गोठली आणि समोरच्या इस्त्रीवाल्याच्या पोपटानं जन्माचं मौन धरलं. शेजारच्या गाळ्यात सर्कस उतरली असं समजून मी लोखंडी पट्टी घेऊन आत घुसलो. पाच फुटांची, पांढरा कोट घातलेली बाई सतरंजीवरून मान वर करून म्हणाली, "जरा हळू बोला. इथं मुलं बोलायला शिकतायत."

मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. पण माणूस कोल्हापूरचा आहे हे तिनं चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं.

सबिना स्पीच थेरपिस्ट. म्हणजे अडखळणाऱ्या, बोबड्या, तीन वर्षांची होऊनही न बोलणाऱ्या, आवाज बसलेल्या मुलांना बोलतं करणारी. कागलहून रोज पहिल्या एसटीनं यायची. वडील मीरासाब तिकडं सायकली दुरुस्त करायचे; बिघाड कुठं आहे हे कान लावून ओळखायची सवय तिनं त्यांच्याकडूनच उचलली असणार. मुलं तिच्यावर जीव टाकायची. तिचं भांडण होतं ते मुलांना घेऊन येणाऱ्यांशी. संध्याकाळी शेवटचं मूल गेलं की ती माझ्या दुकानात येऊन कापायच्या यंत्राला टेकायची आणि चहाच्या कपात बघत दिवसभराचा संताप ओतायची. कुणी दोन वर्षं मध आणि वेखंड चाटवून मग पोराला आणायचं. कुणी घरचा दहा मिनिटांचा सराव करायचाच नाही आणि फरक का नाही म्हणून तिलाच जाब विचारायचा. एका आजीबाईंनी तर तिला ठणकावलं होतं, "ह्येचा बा बी पाच वर्साचा हुईस्तोवर मुका हुता. आता गप बसतोय काय?" तो बाबा शेजारीच बसून फोनवर बोलत होता.

पण तिच्या डोक्याचा खरा भुगा केला तो सागरमाळावरच्या केरबांनी. केरबा म्हशीवाले. घरात आठ म्हशी, एक मुलगा पृथ्वीराज आणि नऊ वर्षांची नात क्रांती. क्रांतीचा आवाज जुन्या दाराच्या बिजागरीसारखा झाला होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर ओरडून ओरडून स्वरतंतूंवर दोन बारक्या गाठी आलेल्या. ते म्हणाले, ओरडणं पूर्ण बंद करा, सबिनाकडून योग्य बोलायला शिका. दिवाळीनंतर पुन्हा बघू, नाहीतर ऑपरेशन. नऊ वर्षांच्या पोरीच्या गळ्यात हत्यार जाऊ द्यायचं नाही, असं सबिनानं त्याच दिवशी मनाशी धरलं.

पोरगी ओरडत का होती, तर बिजलीमुळं. बिजली ही केरबांची लाडकी म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून पळवतात. पुढं मालकाची मोटरसायकल, मागं मोकळी सुटलेली म्हैस, तिला ना दोरी ना काठी. मालकाच्या हाकेवर म्हैस किती पळते त्यावर घराण्याची इज्जत. आणि बिजली या घरात फक्त क्रांतीच्या हाकेला यायची. पृथ्वीराजनं हाक मारली तर ती शेपटीनं माशा वारायची.

सबिनानं सगळ्या घराला समोर बसवून समजावलं. सोमवारपासून ओरडणं बंद. घरातल्यांनीही हळू बोलायचं, कारण मूल घरासारखं बोलतं. केरबा म्हणाले, आमच्यात हळू बोललं की शेजारी आजार इचारायला येत्यात. तरी कबूल झाले.

सोमवारी पोरगी आली ती पार मुकी होऊन. आवाजाच्या जागी नुसती हवा. केरबांनी अभिमानानं मोबाइल पुढं केला. सोमवारपासून ओरडायचं नाही म्हटल्यावर त्यांनी रविवार सार्थकी लावला होता. गोठ्यात उभी करून क्रांतीकडून चाळीस हाका मारून घेतल्या होत्या आणि त्या सगळ्या रेकॉर्ड केल्या होत्या.

"पाडव्याला स्पीकरवर लावतो की," केरबा म्हणाले. "पोरीला तरास न्हाई, म्हस बी खुश."

त्या दिवशी सबिना माझ्या दुकानात आली आणि पुठ्ठ्याचे सहा तुकडे फाडून गेली.

पुढच्या आठवड्यात नवा प्रकार. आता अख्खं घर कुजबुजत होतं. केरबासुद्धा. सबिनानं कपाळाला हात लावला, कारण कुजबुजूनही गळ्यावर ताणच येतो. मग तिनं त्यांना मधला आवाज शिकवायला घेतला. सतरंजीवर नातीशेजारी आजोबांना उताणं झोपवलं, दोघांच्या पोटावर एकेक पुस्तक ठेवलं आणि पुस्तक वरखाली होईल असा श्वास घ्यायला लावलं. पुस्तकं माझ्याकडूनच नेली होती. केरबांच्या पोटावरचा शब्दकोश मला अजून आठवतो. ते पाच मिनिटांत घोरायला लागायचे. पोरगी मात्र शिकत होती. दसऱ्यापर्यंत बिजागरीला थोडं तेल लागलं होतं.

आणि मग पाडवा आला. एक हाक आणि तीन महिन्यांची मेहनत मातीत, म्हणून सबिनानं मला स्कूटर काढायला लावली आणि मागं बसून पूर्ण रस्ताभर माझ्या कानात केरबांचा उद्धार केला.

सागरमाळावर ही गर्दी. पृथ्वीराज मोटरसायकलवर, पुढं टेम्पोत स्पीकर. बिजली मोरपिसांत नवरीसारखी. केरबांनी बटण दाबलं आणि क्रांतीची रविवारची हाक माळभर घुमली. बिजलीनं एकदा स्पीकरकडं पाहिलं, मग शेजारच्या म्हशीच्या गळ्यातला झेंडूचा हार शांतपणे खायला घेतला. चाळीसच्या चाळीस हाका वाजल्या. तोवर हार संपला.

"केरबा, म्हस भरून ठेवलीया का भुसा घालून?" कुणीतरी ओरडलं आणि माळ हसला.

केरबांनी क्रांतीकडं पाहिलं. क्रांतीनं छाती भरून श्वास घेतला. सबिनाची बोटं माझ्या खांद्यात रुतली.

केरबांनी पोरीच्या तोंडावर हात ठेवला. "गप," ते म्हणाले, अगदी मधल्या आवाजात. "म्हस दुसरी मिळंल."

मग त्यांनी टेम्पोतून दोरी काढली, बिजलीच्या गळ्यात बांधली आणि मोकळी पळवायची म्हैस हातानं ओढत, शिट्ट्या खात, त्या टोकापर्यंत चालवत नेली. ते अर्ध्यात पोचले तेव्हा माझ्या कानाशी बॉम्ब फुटला. सबिनानं "शाब्बास, केरबामामा" अशी आरोळी ठोकली होती. नंतर तिनं मला बजावलं की ती पोटातून होती, गळ्यातून नव्हे. माझा डावा कान दोन दिवस वाजत होता.

डिसेंबरात डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. गाठी विरल्या होत्या. ऑपरेशन झालं नाही. बिजली उन्हाळ्यात मुरगूडच्या एका माणसाला विकली. तिथं ती कुणाच्याही हाकेला येते.