मातीचा वास आणि चार क्रियापदं

सांगलीच्या हळदबाजारात माझ्याइतकं स्पॅनिश कुणालाच येत नव्हतं, आणि मला ते येत नव्हतं.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी साताऱ्याहून एका हळद व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून आलो. त्यांचा थोडा माल बोटीनं मेक्सिकोला जाई आणि तिकडची पत्रं स्पॅनिशमध्ये येत. नोकरीवर ठेवताना मालकांनी विचारलं, "येतं का वाचाय-लिवाय?" घरी आई होती, बहिणीचं लग्न व्हायचं होतं. मी म्हणालो, "येतं." मग एक जुना कोश मिळवला आणि आधीच्या पत्रांच्या नकला करत वर्षभर 'माल रवाना केला' एवढ्यावर निभावलं.

मालक अबोल. बाजाराच्या रीतीप्रमाणे रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचे, तोंडानं आकडा काढायचे नाहीत. सौदा पटला की मात्र समोरच्याची बोटं लवकर सोडत नसत.

एक दिवस पत्र आलं. कोश उलटापालटा करून दोन दिवसांत अर्थ लागला: हळदीला मातीचा वास येतो, कारण कळवा.

कारण सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमची हळद नदीकाठच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खोल खणलेल्या कोठारांत ठेवतात. वास तिथला. पण हे लिहायचं कोणत्या शब्दात? कोशात चार क्रियापदं निघाली. देसिर म्हणजे सांगणं, एक्सप्लिकार म्हणजे समजावून सांगणं, देक्लारार म्हणजे जाहीर करणं, कोन्फेसार म्हणजे कबूल करणं. मी ती मालकांपुढे मांडली.

"समजावून सांगाय आमी काय चोरी केलीया व्हय?" मालक म्हणाले. "कबूल तर न्हाईच न्हाई. आन् जाहीर कराय दवंडी पिटायची हाय का? नुसतं सांग."

म्हणजे देसिर. ते एकटं कागदावर लिहून मी तीन दिवस बसलो. पुढचं वाक्य येईना. टपालाचा दिवस उजाडला. लाज वाटत होती, भीती त्याहून जास्त.

"मालक, मला स्पॅनिश येत न्हाई," मी म्हणालो. चौथं क्रियापद असं माझ्याच कामी आलं.

मालकांनी जुन्या पत्रांच्या नकला पुढे ओढल्या.

"मग वरीसभर काय लिवत हुतास?"

"माल रवाना केला, एवढंच."

"माल तर जात हुता न्हवं?"

"व्हय."

"मग पेवातली मूठभर माती पुडीत बांध आन् पाठीव. वास घील आन् कळंल त्याला."

"आन् माझं काय, मालक?"

मालकांनी खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं धरली. आता हिशेब मिटवून घरी धाडणार, असं समजून मी ती सुटायची वाट बघत उभा राहिलो. बाहेर गाडीतून पोती उतरली, हमाल चहा पिऊन आले, तरी मालकांनी बोटं सोडली नव्हती.