दीड सेंटिमीटरचे मामा

बाळासाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते स्पीडब्रेकर पायी ओलांडताना. अंबडला माझ्या वर्कशॉपच्या गेटसमोर एक उंच ब्रेकर आहे. एक पांढरी सेडान त्याच्या अलीकडे थांबली. मागचं दार उघडून एक धिप्पाड गृहस्थ उतरले, ब्रेकर चालत पार करून पलीकडे उभे राहिले. गाडी हळूच पुढे आली. गृहस्थ परत आत बसले. गेट तिथून हाकेच्या अंतरावर होतं, तरी बसले. सवयीचं काम दिसत होतं.

मी सस्पेन्शनचं काम करते. म्हणजे गाडीच्या चाकांवर जी स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर असतात त्यांचं. इंजिनात मी हात घालत नाही.

गाडीचे मालक शरदभाऊ, पिंपळगाव बसवंतचे. पॅकहाउस आणि कांद्याच्या खळ्यांवरचे वजनकाटे दुरुस्त करण्याचा त्यांचा व्यवसाय. बाळासाहेब त्यांचे मेहुणे, राहणार निफाड.

"मॅडम, गाडी मागून बसती," शरदभाऊ म्हणाले. "सायलेन्सर घासतो. कारण सोबतच आणलंय."

कारणाने मला नमस्कार केला.

मग सगळं प्रकरण कळलं. शरदभाऊंच्या मुलीचं लग्न पुढच्या आठवड्यात सटाण्याला होतं. नवरीच्या गाडीत मामा बसले तर वाटेतल्या प्रत्येक गावात सायलेन्सर घासणार, म्हणून मामांनी सामानाच्या टेम्पोत बसावं असं शरदभाऊंनी ठरवलं होतं. बाळासाहेबांनी सांगितलं होतं की रुखवताच्या शेजारी बसून मी भाचीच्या लग्नाला येणार नाही. शरदभाऊंच्या पत्नी सुनंदाताई त्यावर म्हणाल्या होत्या, माझा भाऊ नाही तर मीही नाही. थोडक्यात, माझ्याकडून स्प्रिंग नीट झाली नाही तर नवरीला मामाही नव्हता आणि आईही नव्हती.

शरदभाऊंना उपायही माहीत होता. जुन्या स्प्रिंगा गॅसवर तापवून, ताणून लांब करायच्या. त्यांच्या ओळखीच्या एकाने केलं होतं म्हणे. मी नाही म्हटलं. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात ठरावीक तापमानाला पाणी दिलेलं असतं. ते तापवलं की त्याचा ताठरपणा जातो. आज उंच दिसते, महिन्याभरात पुन्हा बसते, किंवा एखाद्या खड्ड्यात मोडते.

मी टेप काढली. गाडीची उंची जमिनीपासून मोजत नाहीत, कारण टायरमधली हवा कमीजास्त असते. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत मोजतात. मागची बाजू थोडी खाली होती, पण घासण्याइतकी नाही. स्प्रिंगा जुन्या होत्याच. मी नव्या टाकल्या आणि खाली रबरी पॅड बसवले. पॅड म्हणजे स्प्रिंगखालचा पाट समजा. त्यावर स्प्रिंग उभी राहिली की गाडी तेवढी उचलली जाते. बाळासाहेबांना मागे बसवून गेटसमोरच्या ब्रेकरवरून दोनदा नेलं. काही घासलं नाही. बाळासाहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून दोन्ही वेळा तो ब्रेकर बघून घेतला.

चार दिवसांनी शरदभाऊंचा फोन. तुमच्या नव्या स्प्रिंगा बसल्या, सायलेन्सर परत घासला, मेहुण्याची टेम्पोतली जागा पक्की केली आहे.

नवी स्प्रिंग चार दिवसांत बसत नाही. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही आमच्या मेहुण्याला ओळखत नाय. तासाभराने सुनंदाताईंचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, माणसाच्या वजनाने एवढी गाडी खाली जाते का? मी म्हटलं, बघून सांगते. शरदभाऊंना निरोप द्या, उद्या कामावरून थेट इकडे या. गाडी धुवायची नाही, पुसायची नाही, आतलं काही काढायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शरदभाऊ एकटेच गाडी घेऊन आले. बाळासाहेब रागावून एसटीने आले होते आणि आधीच माझ्या ऑफिसात चहा पीत बसले होते. गेटसमोरच्या ब्रेकरवर गाडीने असा आवाज केला की ते कप घेऊनच बाहेर आले.

"दाजी, मी तर इथं हाय," ते म्हणाले.

मी डिकी उघडायला सांगितली.

आत बिडाची वजनं होती. वीस-वीस किलोची, सरकारी शिक्का मारलेली, गोणपाटावर दोन ओळींत नीट मांडलेली. आठ होती. काटा दुरुस्त केल्यावर तो बरोबर दाखवतो का हे तपासायला लागतात.

"हे काय?" मी विचारलं.

"वजनं."

"ही मागच्या वेळी कुठे होती?"

"घरी काढून ठिवली होती. गॅरेजला गाडी देताना डिकी रिकामीच करून देतो आपण."

यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सगळेच करतात. काही जण पायपुसणी आणि डॅशबोर्डवरचा गणपतीही काढून आणतात.

"मग गाडी या वजनांमुळे बसते हे लक्षात नाही आलं?"

"ती नाय धरायची मॅडम," शरदभाऊ म्हणाले. "ती कामाची हायेत."

दिवसभर लोकांना ग्रॅमचा हिशेब लावून देणारा माणूस हे बोलत होता. मी पुन्हा टेप काढली. वजनं असताना उंची घेतली. मग आठही वजनं उतरवून घेतली. मग बाळासाहेबांना मागे बसवलं. आकडा वाचायचं काम मी मुद्दाम शरदभाऊंना दिलं, म्हणजे नंतर वाद नको. बाळासाहेबांनी गाडी दीड सेंटिमीटर खाली आणली होती. वजनांनी साडेतीन. डिकी चाकाच्याही मागे असते, त्यामुळे तिथला भार मागच्या सीटवरच्या भारापेक्षा जास्त दाबतो.

"दाजी, जरा मोठ्यांदा वाचा," गाडीतून आवाज आला.

शरदभाऊंनी मोठ्यांदा वाचलं.

मी म्हटलं, प्रश्नच मिटला, लग्नाला वजनं घरी ठेवा. शरदभाऊ हळूच म्हणाले, सटाण्यात एका व्यापाऱ्याचा काटा बघायचा होता, जातोच आहे तर. पोटच्या मुलीच्या लग्नाला हा माणूस एकशेसाठ किलो बीड घेऊन जाणार होता आणि मामाला टेम्पोत पाठवणार होता. बाळासाहेबांनी खिशातून मोबाइल काढला आणि बहिणीला फोन लावून तो शरदभाऊंच्या हातात दिला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. शरदभाऊ मात्र फोन कानाला लावून बराच वेळ "हो" म्हणत होते.

तरी रोजच्या कामाला वजनं लागणारच होती, तेव्हा इलाज करणं भाग होतं. इथे एक गोष्ट समजून घ्यावी. उंची वेगळी, कडकपणा वेगळा. पॅडने गाडी उचलली जाते, पण भार टाकला की ती पूर्वीइतकीच खाली जाते. शिवाय रिकामी गाडी मागून वर आणि नाकावर उभी दिसते, हेडलाइट समोरच्या रस्त्याऐवजी बोनेटसमोर पडतो. मी पॅड काढले आणि मूळ उंचीच्याच, पण जाड तारेच्या स्प्रिंगा बसवल्या. त्या कमी दबतात. त्यांचा एक तोटा असतो, तोही मी सांगितला. मागे भार नसेल तर गाडी उड्या मारणार. शरदभाऊ म्हणाले, चालंल.

लग्नाच्या दिवशी वजनं घरी राहिली. पिंपळगाव सुटायच्या आधीच पहिल्या खड्ड्यात नवरीची मुंडावळी डोळ्यांवर आली. सुनंदाताईंनी भावाला ड्रायव्हरशेजारून उठवून मागे बसवलं, तेव्हा कुठे गाडी शांत चालायला लागली. सटाण्यापर्यंत काहीही घासलं नाही. हे मला शरदभाऊंनीच सांगितलं, थोडं नाइलाजाने. वजनं नसतील त्या दिवशी आता ते आधी निफाडला जातात आणि मेहुण्याला उचलतात.

मी गेटवर बोर्ड लावला आहे, 'गाडी सामानासकट आणावी.' लोक तो वाचतात आणि दुसऱ्या दिवशी डिकी झाडून आणतात.

परवा बाळासाहेबांचा फोन आला. डॉक्टरांनी वीस किलो कमी करायला सांगितलं आहे, त्यांची तयारी आहे, पण दाजी करू देत नाहीत. गाडीला काही होणार नाही असं तुम्हीच एकदा त्यांना सांगा, म्हणाले.

मी म्हटलं, गाडी उड्या मारेल. डॉक्टरांचं ऐका.