बिननावाची भाजणी

दारात आलेल्या गिऱ्हाइकाला पाणी पाजून परत पाठवणारी बाई अख्ख्या बडोद्यात एकच झाली, आणि ती माझ्या वाट्याला नणंद म्हणून आली. वन्संचे यजमान आणि आमचे हे, दोघेही रेल्वेच्या कारखान्यात होते. रिटायर झाल्यावर दोघांनी प्रतापनगरात, क्वार्टर्सच्या मागे, एकाला एक लागून दोन-दोन खोल्या घेतल्या. त्यामुळे वन्संच्या भाजणीचा वास आणि वन्संची बोलणी, दोन्ही मला भिंतीपलीकडून तीस वर्षं फुकट मिळाली. थालीपिठाची भाजणी अशी मी दुसरीकडे खाल्ली नाही, आणि मी कुणाचं उगाच कौतुक करत नाही. पण त्या भाजणीसाठी बायकांना जे सोसावं लागे, ते त्या बायकाच जाणोत.

नवीन बाई आली की वन्सं तिला आधी बसवत आणि मग तिची मुलाखत घेत. घरात माणसं किती, पीठ थंड पाण्यात भिजवता की कोमट, तवा कसला. एकदा बडोद्यातल्याच अकोट्याहून मोटारीतून एक बाई आली. तवा काळा, न चिकटणारा, असं तिनं जरा तोऱ्यातच सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "मग तुम्ही मेतकूट न्या. भातावर घालून खा. भाजणीच्या वाटेला जाऊ नका." बाई म्हणाली, "अहो, मी पैसे देणार आहे!" वन्सं म्हणाल्या, "पैसे तुम्ही द्याल हो, पण थालीपीठ मोडलं की शिव्या माझ्या भाजणीला द्याल." बाई मेतकूट घेऊन गेली आणि महिन्याभरानं लोखंडी तवा पिशवीत घालून दाखवायला आली. तेव्हा तिला भाजणी मिळाली, तीसुद्धा अर्धा किलोच.

डबा गिऱ्हाइकानं आपला आणायचा. धुतलेला, उन्हात वाळवलेला. वन्सं त्यात नाक खुपसून वास घेत आणि लोणच्याची शंका आली तर डबा परत. भिंतीशी डब्यांची रांग लागलेली असे. एकावरही नाव नाही. पोचा आलेला पितळी डबा अकोट्याच्या मास्तरीणबाईंचा, निळ्या झाकणाचा समा भागातल्या डॉक्टरीणबाईंचा. वन्संना डब्यावरून माणसं कळत. "निळं झाकण महिन्यात दोनदा आलं, वहिनी. घरी पाहुणे दिसतात," असं त्या मला सांगत. सगळ्यांना त्या ओळखत होत्या. आपल्याला कोण कशावरून ओळखणार, हा विचार त्यांच्या मनात कधी आला नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

दळायला त्या घंटीवर, म्हणजे पिठाच्या गिरणीवर, जात. आधीच्याचं पीठ आत राहिलेलं असतं म्हणून पहिल्या दोन ओंजळी भाजणी दळून ती गाईला घालत आणि मगच आपलं दळण सुरू करू देत. त्यांना लांबून बघितलं की घंटीवाला बाकीच्यांना म्हणे, "मराठी माशी आव्यां, हवे बधा बेसी जाव!" म्हणजे मराठी मावशी आल्या, आता सगळे बसा, तासभर तुमचा नंबर लागत नाही.

आणखी एक खोड म्हणजे छापलेला कागद पायाखाली आलेला त्यांना चालत नसे. रस्त्यात लग्नपत्रिका पडलेली दिसली की त्या वाकून उचलत, घरी आणून तिच्यावरचा गणपती कातरून ट्रंकेत ठेवत. ट्रंक भरली की सगळे गणपती विश्वामित्री नदीत सोडायला मला बरोबर नेत. एकदा पाण्यात मगर दिसली. मी पळाले. वन्संनी पुलावरूनच पुडकं सोडलं आणि मगरीला नमस्कार केला.

असं सगळं चाललं होतं. 'प्रतापनगरच्या मावशींची भाजणी' एवढीच तिची ओळख. आता प्रतापनगरात मावश्यांना काय तोटा? समाच्या एका बाईला रिक्षावाल्यानं भलत्याच मावशीच्या दारात उतरवलं. त्या मावशीनंही हातची लक्ष्मी सोडली नाही, कसलंतरी जुनं पीठ बांधून दिलं. त्यात निघाले पोरकिडे. झालं, त्या बाईनं मोबाईलवर आपल्या महिला मंडळाला कळवलं की प्रतापनगरच्या मावशींचा आता हात गेला. महिन्याभरात वन्संच्या भिंतीशी तीस डब्यांचे बारा डबे राहिले.

तेव्हा माझी सून त्यांना म्हणाली, "आत्या, पाकिटं करा आणि वर नाव टाका. नाव नसलं की कुणाचेही किडे तुमच्या नावावर जमा होतात." सून शाळेत शिकवते, तिला चित्रही काढता येतं. तीन दिवस संध्याकाळी आम्ही तिघी नाव शोधत बसलो. सुनेनं कुलदेवीचं सुचवलं. वन्सं म्हणाल्या, "पाकीट रिकामं झालं की कचऱ्यात जाणार, तिथून गाईच्या पोटात. देवीला तिथे पाठवू?" यजमानांचं नाव घ्यावं तर, "त्यांनी जन्मभर काजळीत काढली, आता उकिरड्यावर लोळवू?" नुसतं बडोदा भाजणी म्हणावं तर, "बडोदं काय माझ्या एकटीचं आहे?"

तिसऱ्या संध्याकाळी त्या हळूच म्हणाल्या, "गोदूची भाजणी म्हटलं तर?"

गोदावरी हे त्यांचं माहेरचं नाव. लग्नात सासरच्यांनी तांदळात अंगठीनं दुसरं नाव लिहिलं, तेच पुढे रेशनकार्डावर आणि पेन्शनच्या पुस्तकावर चढलं. गोदू म्हणून हाक मारणारे एकटे त्यांचे दादा, म्हणजे आमचे हे. ते जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "गोदू कोण? लोकांना वाटेल मांजरीनं भाजली." सून हसली. मी हसले. वन्संही हसल्या. मग मी वर आणखी शहाणपण केलं, "वन्सं, खाणारा चव बघतो, कागद नाही बघत. ह्या वयात कशाला सोस?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "खरंच. कशाला." विषय तिथेच संपला. सुनेनं जात्याचं चित्र आधीच काढलं होतं आणि गोदूचं नाव ऐकताच ते खाली लिहूनसुद्धा टाकलं होतं. त्या कागदाचं तिनं काय केलं, ते मी विचारलं नाही.

मी तोंडाची फटकळ आहे, ते मला माहीत आहे, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ह्या एका बोलण्याचं वाटतं.

पुढे अकोट्याचा एक दुकानदार आला. "माशी, तमे खाली बनावो. नामनी चिंता मारी," म्हणाला. तुम्ही फक्त करा, नावाचं मी बघतो. तो भाजणी पोत्यानं नेई आणि आपल्या छापील पाकिटात भरे. पाकिटावर नऊवारीतली एक हसरी बाई, तीही नथ उजव्या नाकपुडीत घातलेली. वन्सं खूश. "कचऱ्यात गेलं तर त्याचं नाव जाईल, वहिनी!" पाकीट चांगलं चाललं. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या बायकासुद्धा सहा-सहा पाकिटं बॅगेत भरत. हळूहळू पितळी डबा यायचा बंद झाला, निळं झाकणही. त्यांनाही पाकीट सोयीचं होतं. आत वन्संचीच भाजणी आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि सांगायला जायचा वन्संचा स्वभाव नव्हता.

चार वर्षांनी वन्संचा खांदा धरला. दोन महिने झारा हातात धरता येईना. तेवढ्यात त्या दुकानदारानं कुठल्याशा कारखान्यात मशीनवर भाजणी करवून घेतली. खांदा सुटल्यावर वन्संनी निरोप पाठवला, तर उत्तर आलं, "हवे जरूर नथी, माशी. आराम करो." आता गरज नाही म्हणे. एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. पाकीट तेच होतं, बाई तीच होती, नथही तशीच.

ह्या संक्रांतीला समाला एका घरी आम्ही दोघी तिळगुळाला गेलो होतो. यजमानीणबाई तरुण, हौशी. तिनं गरम थालीपीठ दिलं आणि वन्संना म्हणाली, "आजी, ही मूळची भाजणी हं. माझ्या सासूबाई दुसरी घरात येऊ देत नसत." वन्संनी एक घास खाल्ला. "धणे जळलेत," म्हणाल्या. बाई हसली. "आजी, ते लोक कितीतरी वर्षं करताहेत, त्यांना कळतं ना!"

मला राहवलं नाही. म्हटलं, "ती ह्यांचीच भाजणी. ह्यांनीच वर्षानुवर्षं केली."

बाई आतून पाकीट घेऊन आली. पुढून वाचलं, मागून वाचलं. दुकानाचं नाव होतं, पत्ता होता, नऊवारीतली बाई होती. "हो का, आजी?" म्हणाली. लहान मूल 'मी राजा आहे' म्हणालं की आपण म्हणतो ना, तसं. वाईट मनाची नव्हती ती. तिनं वन्संना आणखी एक थालीपीठ वाढलं.

परतताना आम्ही रिक्षा केली. वन्सं म्हणाल्या, "उद्या अकोट्याला जाऊन येते."

"कशाला?"

"त्या दुकानदाराला सांगते, धणे वेगळे भाज म्हणावं. डाळींबरोबर घातले की करपतात."

"अहो, भाजणी आता त्याची आहे. तुम्हाला काय त्याचं?"

"त्याची असेना का. खाणारी माणसं माझीच आहेत ना, वहिनी?"

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या खरंच चपला घालून दारात उभ्या राहिल्या. ऊन होतं, खांदा दुखत होता, आणि तो माणूस ऐकणार नाही हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मी 'नका जाऊ' म्हटलं असतं तर त्या राहिल्या असत्या. माझं त्या ऐकतात, तीच तर अडचण आहे.

मी छत्री घेतली आणि त्यांच्याबरोबर निघाले.