ओट्याच्या उंचीची अंगिठी

अल्लाउद्दीनभाई, तुमच्यावर लिहिणार म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "बाई, माझ्यात लिवण्यासारखं काय हाय? लाकूड कापलं, लाकूड जोडलं, झालं की." ते मला मान्य नाही, म्हणून लिहिते आहे. यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. तेव्हा मधे बोलू नका.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तुमचं दुकान आणि माझं घर यांच्यामध्ये एक पिठाची गिरणी तेवढी आहे. वडिलांच्या हाताखाली तुम्ही हातमागाची लाकडं करायला शिकलात आणि विणकरांच्या दारात बसून तेलुगू शिकलात. हातमाग कमी झाले तसे लग्नातले पलंग आणि ड्रेसिंग टेबलं करू लागलात. पेठेतल्या निम्म्या संसारांचे पलंग तुमच्या हातचे. मग तुमच्या अल्तमशनं त्याच जागी प्लायवूड-सनमायकाचं दुकान थाटलं, मशिनं आणली आणि तुम्हाला दारात खुर्ची टाकून दिली. "अब्बा, आराम करो." तुम्हाला आराम कुठला जमतोय? तुम्ही त्या खुर्चीचेच स्क्रू आवळत बसायचात.

अशात मला फायरप्लेस हवीशी झाली. आमचा हृषीकेश पुण्याहून फोनवर ओरडला, "आई, सोलापुरात? मे महिन्यात?" मी म्हटलं, शोभेची रे, जाळ लावायचा नाहीये. पस्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. दर दुसऱ्या धड्यात कोणीतरी त्या जाळापुढे बसून पत्र वाचतंय. मलाही एकदा तसं बसायचं होतं. हौसेची कारणं मी मुलाला का द्यावीत?

लाकडाचा प्रश्न नव्हता. आमच्या ह्यांच्या माघारी पलंग उभा करून ठेवला होता, ड्रेसिंग टेबलाचा आरसा फुटला होता आणि शोकेसमध्ये पाली राहत होत्या. तिन्ही वस्तू तुम्हीच केलेल्या. तुम्ही येऊन ड्रॉवर ओढलात, आत हात फिरवलात आणि माझ्यावरच चिडलात. "सागवान हाय बाई! आणि तुमी भंगारवाल्याला द्यायला निगालता?"

अल्तमश तुमच्या मागोमाग आलाच. तुमच्या देखतच मला म्हणाला, "बाई, अब्बांना कामं नका सांगू. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं कपाट दोन इंच कमी कापलं त्यांनी. नजर गेली आहे, कबूल करत नाहीत." मग तुमच्याकडे वळला. "ठीक है अब्बा, ये एक करो. पर ये बिगड्या, तो करवत-रंधा सब माळे पे."

"चढव की," तुम्ही म्हणालात. "शिडी मीच करून देतो."

बोललात झोकात. पण त्या दिवशी करवत पिशवीतून काढताना तुम्ही ती जरा वेळ नुसतीच धरून बसला होतात. पाहिलं मी.

माझ्या पुढच्या खोलीत काम सुरू झालं. मी मासिकातलं चित्र दाखवलं. तुम्ही ते नाकाशी नेलंत आणि म्हणालात, "अंगिठी हाय ही. समजलं." थोड्या वेळानं टेप माझ्यापुढे आला. "बाई, एवढा आकडा वाचा. चष्मा घरी राहिला." चष्मा कपाळावर होता! मी टेप हातात घेतला. "बावीस इंच, तीन सूत," मी वाचलं. त्यानंतर आठ दिवस मी आकडे वाचत गेले. तुम्ही ते एका पट्टीवर चाकूनं खाचा पाडून घेत होतात आणि मग नुसत्या अंगठ्यानं माप लावत होतात. एकही सांधा हलला नाही. पलंगाचे पाय दोन्ही बाजूंचे खांब झाले. शोकेसची जाड फळी वर बसली. जिथे आरसा होता, तिथे अंगिठीचं तोंड झालं.

माझ्याकडे भांडी घासणारी चन्नम्मा रोज येता-जाता बघायची. तिचं माहेर अक्कलकोटकडचं. "अय्यो बाई, देव्हारा लई मोठा झाला की! देव किती बसवणार?"

"देव नाही, जाळ," मी म्हटलं.

"अन् आपला गॅस काय वाईट हाय?"

नवव्या दिवशी मी भाचीकडे बारशाला गेले. तेवढ्यात तुम्ही सगळं जोडून, सरस लावून उभं केलंत. परत येऊन बघते तर काय! खाली ड्रेसिंग टेबलाचे ड्रॉवर जसेच्या तसे, आणि अंगिठीचं तोंड माझ्या कमरेशी.

"अहो मिस्त्री, ही जमिनीलगत असते!"

"बाई, तुमाला खाली बसता येतं का? गुडगे बगा जरा. बसून फुंकणार कोण?"

"कोणीच फुंकणार नाहीये!"

"फुंकायचंच न्हाय, तर अंगिठी कशाला?"

मी मासिकातलं चित्र पुन्हा तुमच्यापुढे धरलं. आणि नेमका त्याच वेळी अल्तमश दारात. त्यानं एकदा अंगिठीकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. हसला नाही, ते मला जास्त लागलं. "अब्बा, दिखताच नै तुमना," एवढंच म्हणाला आणि तुमची हत्यारं पिशवीत भरायला लागला.

तुम्ही त्याचं मनगट धरलंत. "टेप घे. बाईंच्या सैपाकाच्या ओट्याची उंची माप. मग हिची."

त्यानं मापली. ओटा बत्तीस इंच. अंगिठीचं तोंडही बत्तीस इंचांवर. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. त्यानं पुन्हा मापलं, मग गुडघ्यावर बसून तिसऱ्यांदा. "चुकलं असंल तर माझं डोकं," तुम्ही म्हणालात. "नजर न्हाय."

पोरानं टेप गुंडाळला. पण अंगिठी तर चुकलीच होती. "बाई, मशिननं खालचा भाग कापून देऊ?" तो म्हणाला. ड्रॉवरच्या सरसाच्या सांध्यांतून करवत घालायची म्हणजे सगळंच खिळखिळं झालं असतं. तुम्ही खोलीत एक चक्कर मारलीत आणि खिडकीपाशी थांबलात. खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर माझा कूलर. तुम्ही तुमची खाचांची पट्टी खिडकीला लावलीत, अंगठा फिरवलात आणि हाक मारलीत, "अल्तमश, उचल त्या बाजूनं!"

मागची फळी काढून अंगिठी खिडकीला लावली. कूलरची जाळी तिच्या तोंडात अशी बसली की जणू तिच्यासाठीच केली होती. बटण दाबलं, आणि अंगिठीतून वाळ्याच्या वासाचा गार झोत थेट माझ्या खुर्चीवर. चन्नम्मा ओल्या हातांनी धावत आली आणि झोतापुढे उभीच राहिली. हलेचना.

"बाई, बाजूला व्हा," अल्तमश तिला म्हणाला. दुकानातून लाल-केशरी चमकीच्या पट्ट्या आणून त्यानं जाळीला बांधल्या. वारा लागला, आणि जाळ फडफडायला लागला. बाहेर त्रेचाळीस डिग्री, आणि मी त्या जाळापुढे शाल पांघरून हृषीकेशचं जुनं पत्र वाचलं. खरंच वाचलं. तुम्ही हसून हसून खोकलात.

अल्तमशनं मोबाइलवर व्हिडिओ घेतला आणि गिऱ्हाइकांना पाठवला. हत्यारांची पिशवी त्यानंच उचलली. मी दारातून पाहिलं, दुकानात नेऊन खालच्याच फळीवर ठेवली.

चार दिवसांत अकलूजहून एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला, अशीच अंगिठी हवी म्हणून. तुम्ही मला गिरणीच्या आडोशाला गाठलंत. "बाई, गुरुवारी यष्टीनं जाऊ. मी टेप धरतो, तुमी वाचा. पोराला सांगू नका." मी कबूल केलं. गुरुवारी सात वाजता भाकरी, शेंगाचटणी आणि पाण्याची बाटली घेऊन फाटकात उभी होते. तुमच्या दुकानाचा टेंपो येऊन थांबला. पुढे तुम्ही, स्टिअरिंगवर अल्तमश, आणि टेप त्याच्या खिशाला अडकवलेला.

"बाई, उन्हातान्हाचं तुम्ही कशाला?" तो म्हणाला. "मी वाचतो की अब्बांना आकडे."

तुम्हीच सांगून टाकलं असणार, कारण तुम्ही माझी नजर चुकवत होतात. मी भाकरीचं फडकं खिडकीतून आत सारलं आणि म्हटलं, "निघा आता, उशीर करू नका." त्यानंतर बार्शी झालं, मोहोळ झालं, सगळीकडे तोच आकडे वाचतो. आपलं दोघांचं अकलूज मात्र राहिलं ते राहिलंच.