चिलखताची पाठ

सोनेरी रंग उन्हात तापला की त्याला एक वास सुटतो, कडवट, घशात बसणारा. मुरबाड रस्त्यावरच्या त्या लग्नाच्या लॉनपाशी रिक्षातून उतरले तेव्हा आधी तो वास आला, मग ती छाती दिसली. कमानीच्या दोन्ही अंगांना दोन रोमन योद्धे, नखशिखांत सुवर्णवर्णी, हातात भाला, पाठीवर लाल झगा, वैशाखाच्या भर दुपारी तळपत उभे!

काय हरखले मी! जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, ग्रीक-रोमन शिल्पांची छायाचित्रे भिंगाखाली धरधरून पाहिली, आणि इथे भाचीच्या लग्नात ते सारे वैभव हाताच्या अंतरावर. मग काय, माझं तोंड सुरू. चार नातेवाईक गोळा करून डावीकडच्या पुतळ्यापुढे मी तासच घेतला. असले चिलखत कातड्याचे की कांस्याचे, यावर विद्वान अजून भांडतात. हे पीळदार पोट त्या वीराचे नव्हे, ती घडवणाऱ्याने केलेली खुशामत. खांद्यावरचा हा पट्टा छातीवर दोरीने बांधत, आणि कमरेवरची ही झालर सांगते की आत जाड वस्त्र होते, धातूने अंग सोलू नये म्हणून. एवढे सांगून मी त्या छातीवर टकटक केली. फायबरचा पोकळ आवाज आला. मंडळी हसली आणि सावलीत गेली.

तेव्हा पुतळा बोलला. ओठ न हलवता, हळूच. "बाई, मी लहू. मागचं जरा ढिलं करा, दम घेता येत नाय."

लहू! किन्हवलीच्या वरच्या वाडीतला, दर उन्हाळ्यात माझ्या दारी पळसाच्या पानांत करवंदं घेऊन येणारा. त्याच्या छातीवर मी टकटक केली होती! मागे जाऊन झगा वर केला. पुढचे कवच आणि पाठीचे कवच चार नटांनी आवळलेले, जिथे त्याचा स्वतःचा हात कधीच पोचणार नाही. आत वस्त्र नाही, बनियनसुद्धा नाही. छातीवरची दोरीची गाठ साच्यातच ओतलेली, खोटी. काखेत फायबरची कड रुतून कातडी सोलवटली होती. ज्या कुणी हा साचा काढला, त्याने संगमरवरावरची रेघन् रेघ उचलली आणि आत माणूस असतो एवढेच विसरला. आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिपायाच्या कातडीची काळजी वाहणारी मी, मला तरी दिसला का तो?

संतापाने मी बोटांनी नट फिरवले. तापलेले, चटका देणारे. सजावटवाला धावत आला, म्हणाला, "मॅडम, व्हिडिओवाले आलेत, जरा टाइम द्या." "मेल्या, तू घाल की हे अंगात आणि राहा उभा!" मी इतकी ओरडले की सनईवाला थांबला. कवच सुटे झाले तसा लहूने छाती भरून श्वास घेतला, माझ्या बाटलीतले पाणी घटाघटा प्यायला. मला वाटले, जिंकले.

तेवढ्यात वळणावर वरातीचा बँड वाजला. लहूने भाला सरळ केला. "आता आवळा, बाई."

"अरे, मरशील!"

"मघाशी ढिलं करा बोललो, काढा नाय बोललो. उभा नाय राहिलो तर हा सजावटवाला मला कामावरून काढल, तुमी ओरडलात ना. आवळा."

मी आवळले. एकेक करून, चारही.

अजूनही त्या रस्त्याने जाताना तो कडवट वास येतो आणि कमानीपाशी सोनेरी छाती चमकते. चिलखतावरच्या रेघांचा अर्थ आता कुणी विचारला तर मी सांगत नाही. शिल्पात चिलखत कोरतात, ते आवळणारे हात कोरत नाहीत. त्या दुपारच्या एका चिलखताचे हात मात्र मला ठाऊक आहेत. ते माझे होते.