मुशीचं नाक

समुद्र मी तेव्हा पाहिलेला नव्हता. त्यामुळे माशांविषयी माझी मतं फार ठाम होती. तळोद्याला मास्तर होतो. ट्रेनिंग कॉलेजच्या भिंतीवर दोन जातींच्या मुशींचं, म्हणजे लहान शार्क माशांचं, चित्र होतं. दोघी हातभर लांब, राखाडी, सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा. एकीचं नाक रुंद, चपटं, उलथन्यासारखं. दुसरीचं लांबट, टोकदार आणि तोंडाच्या कोपऱ्याशी खोल चुण्या. एवढ्या भांडवलावर मी विद्वान झालो.

पहिला मुलगा झाला आणि बायकोला दूध येईना. आमच्याकडे अशा बाळंतिणीला सुक्या मुशीचं कालवण देतात. दाई म्हणाली, बाजारातून मुशी आणा. मी विचारलं, "कोणती?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथंच शहाणा झाला असता.

सुरतेहून रेल्वेनं नंदुरबारला आणि तिथून बैलगाडीनं सुकी मासळी आमच्या बाजाराला यायची. मासळीवाल्या चाचीपुढे मुशींचे दोन ढीग होते. मी एकेक उचलून नाक शोधू लागलो. नाक कुठलं? खारवण्याआधी मुंडकी, पर सगळं कापून टाकतात, हे चित्रात नव्हतं. उरलेल्या खारट फळकुटावरून जात ओळखण्यात मी तासभर घालवला. गिऱ्हाइकं जमून मजा बघत होती. मला वाटलं, शिकताहेत.

"मास्तर," चाची म्हणाली, "तुम्हना पोऱ्या घर भुक्या शे, अन् तुम्ही नाक काय धुंडी ऱ्हायनात? दोन्ही लई जा!"

अडाणी बाईचं ऐकायला मी मास्तर झालो होतो का? पुढच्या बाजारी मुंडक्यासकट मुशी आणायची तिला ताकीद दिली आणि हात हलवत घरी आलो.

घरात शांतता होती. "बघ, राहिला की नाही गप्प?" मी बायकोला म्हणालो.

"त्यानामा आते रडानी बी ताकद नही," ती म्हणाली.

मी अनवाणी धावलो. चाचीनं ढीग गोणीत भरले होते. हाताला आल्या त्या मुशी तिनं माझ्या उपरण्यात टाकल्या आणि शेजारी बसलेल्या सुनेला माझ्याबरोबर धाडलं. सुनेचं मूल अजून अंगावर पीत होतं. बायकोनं आमचा मुलगा तिच्या पदराखाली दिला.

कालवण रोज शिजलं, पण दूध यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस चाचीची सून येत होती, म्हणून मुलगा वाचला. आणि मी? चौथ्या दिवशी, सांगायलाही लाज वाटते, मी दाईला विचारलं की कालवणात नक्की कोणती जात होती. बायकोनं ऐकलं. मुलाला पोटाशी धरून तिनं माझ्याकडे पाठ फिरवली. ती पाठ मला अजून दिसते.